‘थांबा, विलासभाऊंना विचारा’

फोन आला तेव्हा मी भिवापूरला एका सातऱ्यावर उभा होतो. सातरा म्हणजे मोकळं मैदान. तिथे वाळल्या मिरचीचे ढीग पसरलेले असतात आणि बाया ओळीने बसून देठ खुडतात. आमचा मसाल्याचा कारखाना नागपूरला, उमरेड रस्त्यावर. मिरची पारखून घेणं हे माझं काम, म्हणून हंगामात मी बहुतेक सकाळी भिवापुरातच असतो. त्या दिवशी धुकं नुकतंच उठत होतं. दुधट उजेडात ते सगळं लाल मैदान जमिनीपासून वीतभर वर तरंगतंय असं वाटत होतं. मी एका ढिगात कोपरापर्यंत हात घातला होता, कारण खालची मिरची वरच्यासारखीच आहे का हे हात घातल्याशिवाय कळत नाही. फोनवर आमच्या ऑफिसातल्या शैलाताईंचं नाव दिसलं म्हणून मी तो हसतच उचलला आणि खांद्याने कानाशी दाबून धरला. पलीकडून त्यांचे यजमान बोलले, अनंतराव सर. “विलासराव, शैला गेली… पहाटे.” डोळे भरून आले, मी हात वर नेला आणि अर्ध्यात थांबलो. हाताला मिरची होती. तसाच उभा राहिलो, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, गालावरून पाणी गळू देत. ओळीतली एक म्हातारी उठून जवळ आली. “काहून रडून राह्यला गा, भाऊ? डोळ्यात मिरची गेली का?” मी मान हलवली. तिने पाठीवरच्या पदराचं टोक ओढलं, ज्याला तिखट लागलेलं नव्हतं, आणि माझा चेहरा पुसून दिला.

त्याला आता सहा आठवडे होतील. लिहिणं हे माझं काम नव्हे; मी शेतकऱ्याच्या घरातला, बारावीपर्यंत शिकलेला माणूस. पण शैलाताई गेल्यावर कारखान्यात जी शोकसभा झाली तिथे लोक त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगत होते, की या वयात त्या कॉम्प्युटर शिकल्या. ते खरंच आहे. पण माझ्यापाशी दुसरं काही आहे, ते कधी कोणाला सांगितलेलं नाही, आणि आता सांगितलं नाही तर ते माझ्यापाशीच राहून जाईल असं वाटतं.

शैलाताई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. त्याआधी कितीतरी वर्षं त्या जरीपटक्याच्या बाजारात, एका कापड दुकानाच्या माडीवर टायपिंग शिकवत. खाली लग्नाचे लेहंगे आणि वर वीस टाइपरायटरांचा खडखडाट, असं त्या सांगायच्या. मग टाइपरायटर गेले, पाठोपाठ शिकायला येणाऱ्या मुलीही गेल्या आणि ती माडी दुकानाचं गोदाम झाली. आमच्याकडे त्यांना पत्रव्यवहार सांभाळायला घेतलं होतं. बारीक चणीच्या, नेहमी सुती साडी, चष्म्याला दोरी. समोरचा बोलत असला की त्यांची बोटं टेबलावर हळूहळू हलत असायची. आपलं बोलणं त्या कुठेतरी उतरवून घेताहेत असं वाटायचं, आणि माणूस आपोआप नीट बोलायला लागायचा.

त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं आणि खिडकीतून फाटकाजवळचा कडुनिंब दिसायचा. त्या झाडाखाली शेतकरी बसलेले असत, मिरचीची पोती घेऊन आलेले, सकाळपासून. आल्यानंतर पंधरावीस दिवसांनी त्यांनी मला विचारलं, “विलासभाऊ, ही माणसं दिवसभर कशाची वाट पाहून राहिली असतात?” मी म्हटलं, “कागदाची, मॅडम.” मग मी त्यांना सगळा प्रकार सांगितला. मी यार्डात माल पाहतो, चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी जाते ओलावा मोजणाऱ्या पोराकडे… म्हणजे पोरगा कसला, चाळीस वर्षांचा बाप्या होता तो. तिथून रंग तपासणाऱ्या बाईंकडे, तिथून वजनकाट्यावर, तिथून ऑफिसात. एखाद्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला की कागद तिथेच जेवत बसतो. काम सगळं मिळून अर्ध्या तासाचं, बाकी सगळी नुसती वाट. शैलाताई ऐकत होत्या, बोटं हलत होती. म्हणाल्या, “म्हणजे काम कुणीच हळू करत नाही. मधल्या जागा मोठ्या आहेत.”

त्याच सुमारास मालकांच्या पुतण्याने कुठून तरी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. कामं एकमेकांना जोडून आपोआप चालवायचं सॉफ्टवेअर. तो दोन आठवडे त्याच्याशी खेळला आणि विसरून गेला. शैलाताईंनी त्याच्याकडून पासवर्ड मागून घेतला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या डबा बाजूला ठेवून स्क्रीनसमोर बसायच्या. एकदा मी मागे उभा राहून पाहिलं. पडदा रिकामा, फिकट ठिपक्यांचा. त्यावर त्या एक चौकोन आणून ठेवायच्या, मग दुसरा, आणि दोघांमध्ये बोटाने एक रेघ ओढायच्या. एक चौकोन म्हणतो ‘असं झालं की’, दुसरा म्हणतो ‘तर तसं कर’. ओलाव्याचा आकडा आला की तो काट्यावर कळव. आकडा जास्त असला तर या रेघेने जा, कमी असला तर त्या. मला एकदम हसू आलं. “हे तं दांड आहे, मॅडम!” आमच्याकडे शेतात पाणी न्यायला मातीची नाली काढतात, तिला दांड म्हणतात. एका बाजूची माती फोडली की पाणी या वाफ्यात, ती बुजवून दुसरीकडे फोडली की त्या वाफ्यात. शैलाताईंनी वळून पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. “मला तीन दिवस जो शब्द सापडत नव्हता ना विलासभाऊ, तो हा.” त्या दिवसापासून त्या आपल्या कामाला दांडच म्हणायच्या. मालकांसमोरसुद्धा. सगळं सुरू झालं आणि पहिल्यांदा खरा माल आला, तेव्हा पडद्यावरचे चौकोन एकामागून एक हिरवे होत गेले. बाहेर ऊन, कूलरची घरघर, हवेत तिखटाचा बारीक धुरळा, आणि ते हिरवं पाणी एकेका वाफ्यात शिरतंय… मी आणि त्या, दोघंही श्वास धरून बघत होतो. फाटकाजवळच्या शेतकऱ्याच्या खिशात मेसेज वाजला. तो उठला, आजूबाजूला पाहिलं, जणू कोणी हाक मारली होती. पोतं घेऊन थेट काट्याकडे गेला. महिनाभरात कडुनिंबाखालची सावली रिकामी झाली.

आणि मग माझी वेळ आली. एक दिवस मालक ऑफिसात उभ्या उभ्या म्हणाले, “ओलावा मशीन सांगून राह्यली, रंग मशीन सांगून राह्यली. मग विलासच्या सहीची काय जरूरत आहे? दोन मिनिटं तिथंच चालली जातात.” ते सहज बोलले. मालक वाईट माणूस नाहीत. पण मी दाराशी होतो, आणि ते माझ्या छातीत जाऊन बसलं. माझे वडील मिरची ओळखायचे, त्यांचे वडील ओळखायचे. मिरची कानाशी हलवली की आतल्या बियांच्या आवाजावरून ती किती वाळली ते कळतं. मोडली की वासावरून शेत कळतं. हे सगळं दोन मिनिटांचं झालं होतं, आणि ती दोन मिनिटंही कोणाला नको होती. शैलाताई तेव्हा काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला जास्त राग आला. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. आणि मग मी ते केलं. यार्डात जो छोटा कॉम्प्युटर बसवला होता, ज्यातून आकडे पुढे जायचे, त्याची वायर मी काढून टाकली. तास-दीड तासाने पुन्हा लावली. “मशीन बंद पडून राह्यली,” असं सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ऊन चैत्राचं होतं. माल अडकला, कडुनिंबाखाली परत गर्दी जमली, आणि तिसऱ्या दिवशी कुहीकडून आलेली एक म्हातारी चक्कर येऊन पोत्यावरच आडवी झाली. तिला पाणी मारलं, सावलीत नेलं, ती उठून बसली. पण तिचा तो पांढरा पडलेला चेहरा… मी वायर लावायला धावलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शैलाताई यार्डात आल्या. त्या कधी यार्डात यायच्या नाहीत, तिखटाने त्यांना खोकला यायचा. नाकाला पदर लावून त्या एका भरल्या पोत्यावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “विलासभाऊ, काल अकरा वाजून दहा मिनिटांनी इथला कॉम्प्युटर बंद झाला. परवा बाराला. त्याच्या आदल्या दिवशी दोनला. लाइट तिन्ही वेळा होती. कोणता चौकोन कधी थांबला ते सॉफ्टवेअर लिहून ठेवतं.” माझी नजर त्या वायरीकडे गेली. “मी कोणाला सांगितलेलं नाही,” त्या म्हणाल्या, “आणि सांगणारही नाही. पण त्या आजीला तुम्ही पाहिलं ना?”

“पाह्यलं.”

“मग झालं.”

मला वाटलं त्या उठून जातील. त्या बसूनच राहिल्या. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. “मॅडम, माझी नोकरी जाऊन राह्यली. नोकरीचंही सोडा. तुमच्या त्या एवढ्या चौकोनात मी कुठंच नाही. तीस वर्षं झाली मले इथं, अन् मी कुठंच नाही.” त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती, आणि मग थांबली. “नाहीच आहात,” त्या म्हणाल्या. “ती माझी चूक आहे. मी कागद कुठून कुठे जातो ते पाहिलं. तुम्ही काय करता ते विचारलंच नाही.” माझ्यापेक्षा वयाने मोठ्या बाईने, मी पकडला गेलेलो असताना, स्वतःची चूक सांगावी… मी आयुष्यात कोणाकडून असं ऐकलं नव्हतं. रागाचं काय झालं ते कळलंच नाही. त्या खोकत खोकत ऑफिसकडे गेल्या आणि मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो.

पुढल्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर तीन ताटल्या, तिन्हींत मिरची. तिन्हींचा ओलावा सारखा, रंगाचा आकडा सारखा, मशीनच्या मते तिन्ही एकच. “सांगा,” त्या म्हणाल्या. पहिली मी हलवली, मोडली, ठीक होती. दुसरीही ठीक, फक्त गेल्या हंगामातली. तिसरीला मी हात लावला आणि थांबलो. देठाशी बोट दाबलं, नखाने उघडली. आत करड्या रंगाची बुरशी होती, कापसासारखी. बाहेरून लालभडक, आतून गेलेली. कोणीतरी ओली भरून मग उन्हात टाकली होती. शैलाताईंनी ती मिरची माझ्या हातातून घेतली, वास घेतला, शिंकल्या. “मला काहीच वेगळा वास येत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्या चौकोनांना तर नाकच नाही.” तशीच ताटली उचलून त्या मालकांच्या केबिनमध्ये गेल्या, मला बरोबर घेऊन. मालक म्हणाले, “बाई, मले सगळं आपोआप पाहिजे. मधात माणूस आला की पुन्हा तेच.” शैलाताई म्हणाल्या, “आपोआप तेवढंच करावं ज्यात कोणाला विचारायची गरज नाही. हे दळलं गेलं असतं साहेब, आणि लोकांच्या पोटात गेलं असतं.” त्या आवाज चढवत नव्हत्या. उघडलेली मिरची त्यांनी टेबलावर मालकांच्या पुढ्यात ठेवली. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “टाका मधात विलासले,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांनी मला स्क्रीनसमोर बसवलं. ओलावा आणि वजनकाटा यांच्यामधली रेघ त्यांनी तोडली. मध्ये एक नवा चौकोन ठेवला, आणि त्यावर मराठीत लिहिलं: ‘थांबा, विलासभाऊंना विचारा’. पुढचं सगळं तिथे थांबायचं. माझ्या फोनवर मालाचा नंबर यायचा आणि खाली ‘हो’, ‘नाही’. मी माल पाहून बोट लावलं की मगच पाणी पुढे. वाट पाहताना तो चौकोन पिवळा राहायचा. मी विचारलं, “दया म्हणून तं नाही ना टाकला, ताई?” त्या दिवशी पहिल्यांदा मॅडमच्या जागी ताई निघालं तोंडातून. त्या चिडल्याच. “दया कसली? उद्यापासून तुम्ही दहा मिनिटांत उत्तर दिलं नाही तर मी स्वतः यार्डात येऊन खोकत बसेन.”

मग त्यांनी मला असं दांड बांधायला शिकवलं. टायपिंग शिकवायच्या तसंच, चुका करू देऊन, मध्ये न बोलता. माझं पहिलं दांड गावातल्या घरचं होतं. भिवापूरजवळ आमची विहीर आहे, लाइनचा, म्हणजे विजेचा, काही नेम नाही. मोटर लावायला आई दिवसभर बटणापाशी घिरट्या घालायची. मी पंपाच्या पेटीत लाइन ओळखणारा एक छोटा डबा बसवला आणि रेघ ओढली: लाइन आली की घरच्या सगळ्यांना मेसेज. एक रेघ चुकून परत पहिल्या चौकोनात गेली. मेसेज गेला की पुन्हा मेसेज, तो गेला की पुन्हा. चुलत भावाच्या लग्नाची बैठक चालू होती आणि सगळ्यांच्या खिशात ‘लाइन आली, लाइन आली’. भावाने फोन केला, “काय गा विलास, लाइन आली का पूर आला?” मी शैलाताईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, आता तुम्ही खरे शिकलात. आणि मग त्यांनी मला आपली एक सवय दाखवली. प्रत्येक चौकोनाखाली टिपण लिहायची जागा असते, कोणी लिहीत नाही. त्या लिहायच्या, दोनच ओळी. हा कशासाठी आहे. हा चुकला तर त्रास कोणाला होईल. ‘त्रास: काट्यावरचे दशरथ, जेवायला उशीर.’ ‘त्रास: लांबून आलेले, परतीची एसटी चुकेल.’ अख्खा कारखाना त्या चौकोनांखाली होता, माणसा-माणसांसकट.

अशी सात-आठ वर्षं गेली. आता वाटतं, ती एका लांबलचक दुपारीत गेली. खिडकीतलं ऊन सरकत असायचं, गिरणीचा आवाज भिंतीतून यायचा, आणि त्या पडद्यावर रेघा ओढत असायच्या, मध्येच एखादा प्रश्न विचारत. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना थकवा यायला लागला. रक्ताचा आजार निघाला. त्या रजेवर गेल्या, पण कोणाला काही अडलं नाही, कारण त्या दोन ओळी होत्या. हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा मी त्यांना नंदनवनातल्या घरी भेटायला गेलो. तीच शेवटची भेट. त्या गॅलरीत उन्हात बसल्या होत्या, अंगावर शाल, हात अगदी पातळ झालेले. कारखान्याचं काही विचारलं नाही. मी संत्री नेली होती. एक सोलून हातात दिलं, तर त्यांनी ते फक्त नाकाशी धरलं. “नरखेडकडचं आहे,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “ताई, तुमाले वास यायला लागला की!” त्या हसल्या. मग आत सर ऐकणार नाहीत असं हळूच म्हणाल्या, “मी नसले की एकदा घरी या. घरात मी बरीच दांडं काढून ठेवली आहेत. काही बंद करावी लागतील. कोणती, ते यांना विचारा. मी सांगून ठेवत नाही.” मी संत्र्याच्या साली गोळा करत बसलो.

अनंतराव सर चित्रकला शिकवायचे, एका शाळेत. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली, आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. शैलाताईंनी त्यांच्यासाठी घरात छोटे छोटे डबे बसवले होते, आणि यंत्रातल्या एका बाईचा आवाज सगळं सांगायचा. दार वाजलं. गॅस सुरू आहे. पाण्याची टाकी भरली. मी परवाच्या रविवारी गेलो तेव्हा जेवणानंतरची वेळ होती, घर मंद, पडदे ओढलेले. मी ताईंचा लॅपटॉप उघडला आणि यादी मोठ्याने वाचायला लागलो. सर एकेकाला ‘राहू द्या’ म्हणत होते. ‘डोळ्यांतले थेंब, सकाळ.’ राहू द्या. ‘टाकी.’ राहू द्या. मग ‘शैलाची गोळी, नऊ वाजता’ आलं, आणि ‘राहू द्या’ आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “ती सांगते अजून. रोज. नऊ वाजले, शैलाची गोळी. आणि कोणी ‘हो’ म्हणेपर्यंत पाच-पाच मिनिटांनी पुन्हा सांगते. ते कसं थांबवायचं मला माहीत नाही. मी ‘हो’ म्हणतो.” सहा आठवडे. मी त्या चौकोनाखालचं टिपण पाहिलं. ‘चुकला तर त्रास: मला. पण ओरडा यांना.’ ते मी सरांना वाचून दाखवलं, आणि ते मोठ्याने हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मी ते दांड बंद केलं. “झालं?” “झालं, सर.”

मी विचारलं, ताईंनी स्वतःचा आवाज का नाही घातला, ते तर सोपं होतं. सर म्हणाले, “मी मागे लागलो होतो, शेवटी शेवटी. म्हटलं, चार वाक्यं बोलून ठेव. ती म्हणाली, नाही. माझ्या आवाजात गॅस सुरू आहे, टाकी भरली, असं तुम्ही रोज ऐकणार, आणि मग एक दिवस तुम्हाला मी त्या आवाजातच आहे असं वाटायला लागणार. मी तिच्यावर रागावलो. दोन दिवस बोललो नाही…” ते थांबले. “आता वाटतं, बरं झालं. पण रागावलो ते वाईट झालं.”

यादी संपली. मला चार वाजताचं काही सापडलं नाही, म्हणून मी विचारलं, कारण ताई मागे एकदा म्हणाल्या होत्या की चारला आमचा चहा असतो, तेव्हा फोन करू नका. सर म्हणाले, “ते यंत्रात कधीच नव्हतं. त्याला ती हाक मारायची. आणि दुखणं वाढलं तेव्हा तिने मला चहा करायला शिकवला. स्वतः स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहायची, मला चटके बसू द्यायची, एक शब्द बोलायची नाही.” असं म्हणत ते उठले. घड्याळात चारला दोन-तीन मिनिटं होती. कोणी काही सांगितलं नव्हतं. भिंतीला हात लावत ते आत गेले. मी मागे जाऊन दाराशी उभा राहिलो, मदतीला पुढे झालो नाही. त्यांनी पातेलं शोधलं, कपाने पाणी मोजलं, एकदा, दोनदा. गॅस पेटला आणि तो अनोळखी बाईचा आवाज म्हणाला, गॅस सुरू आहे. त्यांनी बोटाने डबे चाचपले, चहाची पूड, साखर. दूध घालताना कान पातेल्याकडे कलता केला, उकळीचा आवाज ऐकायला. गॅस बंद केला, दोन कप ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि कडेला बोट टेकवून दोन्ही भरले. एक थेंब सांडला नाही.

“रोज एक कप उरतो,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “एकट्याचा मला मोजताच येत नाही. आज बरं झालं, तुम्ही आहात.”

त्यांनी दुसरा कप माझ्या दिशेने पुढे केला. मी घेतला. साखर भरपूर होती, ताईंच्या सवयीने घातलेली; त्यांना गोड आवडत असणार. मला मधुमेह आहे, मी कितीतरी वर्षांत साखरेचा चहा घेतलेला नाही. गॅलरीत ऊन उतरत होतं. मी तो सगळा प्यायलो.